पुढचे मॉडेल कोणते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो आणि बँकेत नोकरी करतो. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून आणि ब्रशने रंगवून केलेली दोन लहान मॉडेल-विमाने माझ्या हातून पूर्ण झाली आहेत. नुकताच एक छोटा कॉम्प्रेसर आणि एअरब्रश (रंग फवारणारी लहान पेनसारखी बंदूक) घेतला आहे. कपाटात चार डबे न उघडलेले पडून आहेत : एअरफिक्स कंपनीचे १/७२ प्रमाणातील (म्हणजे मूळच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे) फॉलंड नॅट टी-१, एडुआर्डचे १/४८ मिग-२१ बिस, टामियाचा १/३५ टी-५५ रणगाडा आणि टामियाचीच १/७०० यामाटो ही युद्धनौका. १९७१ च्या युद्धातील काहीतरी करावे, असे मनात आहे. दसऱ्यापर्यंत एक तरी मॉडेल दिवाणखान्यात दिसले नाही, तर पाचवा डबा घरात येणार नाही, अशी घरातून ताकीद मिळाली आहे. आधी कोणते घ्यावे?

उत्तर : टी-५५ घ्यावा. कारणे जरा विस्ताराने सांगतो, म्हणजे दसऱ्यानंतर उरलेल्या तीन डब्यांपुढे बसताना आपल्याला पुन्हा पत्र लिहावे लागणार नाही.

पुढचे मॉडेल निवडताना बहुतेक जण डब्यावरच्या चित्राकडे पाहतात. ते चित्र काढणारा कलावंत आपले काम चोख करतो. धूर, ढग आणि वेग यांच्या जोरावर तो डबा विकून दाखवतो. मात्र डबा उघडल्यावर आपले बहुतेक तास जोडणीत जात नाहीत, ते पृष्ठभाग घासण्यात, मास्किंग टेप लावण्यात, रंगाचे थर देण्यात आणि ते वाळण्याची वाट पाहण्यात जातात. म्हणून निवड शेवटाकडून करावी, असे माझे मत आहे. या मॉडेलचा अखेरचा रंग कोणता, तो आपल्या आजच्या हातांना आणि हत्यारांना जमेल का, आणि ज्या महिन्यांत तो द्यावा लागेल त्या महिन्यांतली हवा त्याला साथ देईल का, एवढे ठरले की चारपैकी दोन डबे बहुधा आपोआप मागे सरकतात.

हवेचा मुद्दा कोल्हापुरात विशेष महत्त्वाचा आहे. आषाढ-श्रावणात येथे धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेथे लॅकरचा, म्हणजे थिनरवर चालणाऱ्या चकचकीत रंगाचा, थर नीट बसेल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. लॅकरमधील थिनर वेगाने उडून जातो, उडताना पृष्ठभाग थंड करतो आणि दमट हवेतील बाष्प त्या थंड पृष्ठभागावर जमून ओल्या रंगात अडकते; परिणामी चकचकीत यायला हवा तो थर पांढुरका होतो. ॲक्रिलिक रंगांना हा दोष तितकासा लागत नाही, पण ते वाळायला फार वेळ घेतात आणि वरून सुके वाटले तरी बोटाचा ठसा उमटतो. याच दिवसांत शाहूपुरीच्या आणि गंगावेशीच्या कुंभार गल्लीत स्प्रे गनने मूर्ती रंगवल्या जातात, मग आपल्यालाच अडचण का, असा प्रश्न मला पूर्वी विचारला गेला आहे. त्याचे कारण साधे आहे : प्लास्टर रंग शोषून घेते, पॉलिस्टायरीन शोषत नाही, त्यामुळे आपला रंग केवळ हवेच्या भरवशावर वाळतो. शिवाय पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या दाबलेल्या हवेतही पाणी साठते आणि ते थेंबाथेंबाने एअरब्रशमधून बाहेर पडते. आपल्या यंत्राला मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतील पाणी अडवणारा भाग, नसेल, तर उद्यमनगरात जाऊन तो आधी बसवून घ्यावा. पाचव्या डब्यापेक्षा तो अधिक गरजेचा आहे.

आता आपले चार डबे पाहू.

नॅट हे नाव ऐकताच भारतीय वाचकाला १४ डिसेंबर १९७१ चे श्रीनगर आणि फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों आठवतात. हवाई दलातील आजवरचे एकमेव परमवीरचक्र त्यांच्या नावावर आहे. तथापि आपल्या डब्यातील टी-१ हे ब्रिटिश हवाई दलाचे दोन आसनी प्रशिक्षण विमान आहे, तर सेखों यांचे विमान एक आसनी लढाऊ नॅट होते. दोन्हींत केवळ कॉकपिटचा फरक नाही. प्रशिक्षण विमानाचे धड लांब आहे, पंख मोठे आहेत आणि शेपटीही वेगळी आहे. करवत आणि पुट्टी घेऊन एकाचे दुसरे करता येईल, पण ते काम तिसऱ्या मॉडेलवर करू नये. एक आसनी नॅटचा आणि त्यापासून आपल्याकडे विकसित झालेल्या अजीतचा वेगळा डबा शोधणे हाच त्यावरचा सरळ मार्ग आहे. तोवर हातातला टी-१ जसा आहे तसाच करावा. १९६५ पासून १९७९ पर्यंत रेड ॲरोज या प्रात्यक्षिक पथकाने हीच विमाने उडवली, त्यामुळे त्याला लाल रंग शोभतो. लाल रंग करड्या प्लास्टिकवर मात्र मळकट दिसतो. त्याखाली पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी प्रायमरचा (मूळ रंगाआधीच्या अस्तराचा) थर हवा आणि वर नितळ चकाकी हवी. म्हणजे हे काम कोरड्या हवेचे झाले. दिवाळीनंतर ते काढावे.

मिगच्या बाबतीतही आपल्या मनातल्या युद्धाचा आणि डब्यातल्या विमानाचा मेळ बसत नाही. १९७१ मध्ये ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटे डागणारी विमाने मिग-२१ एफएल होती. बिस हा प्रकार आपल्या हवाई दलात त्यानंतर काही वर्षांनी आला. त्याच्या पाठीवरचा उंचवटा एफएलपेक्षा जाड आहे आणि त्याच्या पोटात दुनळी तोफ बसवलेली आहे, ती मूळच्या एफएलमध्ये नव्हती. रंग बदलून हे फरक लपत नाहीत आणि लपवूही नयेत. बिसचा स्वतःचा इतिहास पुरेसा मोठा आहे : याच बिसमध्ये सुधारणा करून बायसन घडवले गेले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला, तो या बायसनच्याच रूपाने. डबा उत्तम आहे, यात शंका नाही. मात्र त्याच्या कॉकपिटमध्येच अनेक संध्याकाळी जातील, आणि उघड्या धातूचा रंग द्यायचे ठरवले तर प्लास्टिकवरचा केसाएवढा ओरखडाही त्या रंगाखाली ठळक होतो. एअरब्रशचा हात बसल्यावर, म्हणजे पौष-माघात, हे विमान आपल्याला खरा आनंद देईल.

यामाटोबद्दल थोडक्यात. खरी नौका २६३ मीटर लांब होती, म्हणजे १/७०० मध्ये ती साधारण साडेसदतीस सेंटिमीटर भरते. शोकेसच्या फळीवर ती मावते की नाही, हे आधी मोजावे. लाकडी डेक आणि करडे बांधकाम यांच्यामधल्या रेषा झाकून रंगवणे हे चिकाटीचे काम आहे, आणि विमानविरोधी तोफा एवढ्या बारीक आहेत की चिमट्यातून उडालेली एक तोफ फरशीवर सापडत नाही. ती घाईने करण्याची गोष्ट नव्हे.

राहिला टी-५५. १९७१ च्या डिसेंबरात छंबच्या लढाईत मुनव्वर तवी नदीच्या काठावर भारतीय टी-५५ लढले होते, त्यामुळे आपली मूळ इच्छा येथे पूर्ण होते. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. टामियाचा डबा टी-५५ए या प्रकाराचा आहे. किरणोत्सर्गापासून बचाव करणाऱ्या थरामुळे त्याच्या बुरुजावरील झडपांभोवती जाड उंचवटे असतात, ते साध्या टी-५५ वर दिसत नाहीत. युद्धकाळातील भारतीय रणगाड्याचे स्पष्ट छायाचित्र समोर ठेवून तो फरक घासून काढायचा की तसाच सोडायचा, हे आपण ठरवावे. मी आपल्या जागी असतो तर या वेळी सोडून दिला असता आणि हिरव्या रंगाकडे लक्ष दिले असते.

या रणगाड्याला प्रत्येक बाजूला पाच जोडचाके आहेत, म्हणजे एकूण वीस चकत्या आणि त्याशिवाय पुढची-मागची चाके. पहिल्या आणि दुसऱ्या चाकामध्ये इतरांपेक्षा अधिक अंतर असते, ती टी-५५ ची ओळखखूण होय. स्प्रूमधून (भाग जोडून येणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीतून) या चकत्या कापणे, त्यांच्या कडा कानशीने साफ करणे आणि रबराची धाव ब्रशने काळपट करड्या रंगात रंगवणे, हे धो-धो पाऊस असताना खिडकी लावून करण्याजोगे काम आहे. चाक टूथपिकवर रोवून ब्रश स्थिर धरावा आणि टूथपिक फिरवावी, म्हणजे कडा आपोआप गोल येते. सांगाडा आणि बुरूज जोडून होईतो श्रावणातील उघडीप येईल. त्यातला एखादा कोरडा दिवस साधून प्रायमर आणि दुसरा साधून हिरव्या रंगाचा मूळ थर एअरब्रशने द्यावा. संपूर्ण मॉडेलला एकच रंग असल्यामुळे नवे हत्यार शिकायला यासारखी जागा नाही. रंग किती पातळ करायचा, दाब किती ठेवायचा आणि हात किती अंतरावरून फिरवायचा, एवढ्याच तीन गोष्टींकडे लक्ष राहते. कुठे थर जाड झाला किंवा किंचित खरखरीत राहिला, तर रणगाड्यावर तो खपून जातो. विमानाच्या पंखावर तो खपला नसता.

त्यानंतर खाचांमध्ये गडद वॉश (अगदी पातळ केलेला रंग) सोडावा, कडांवर फिकट हिरवा रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने टिपावा आणि खालच्या भागाला चिखल लावावा. येथे एक सूचना आग्रहाने करतो. आपल्याकडचे काही हौशी लोक राधानगरी किंवा पन्हाळ्याच्या वाटेवरची लाल माती चाळून रणगाड्यांना लावतात आणि छंबच्या नदीकाठावरचा रणगाडा थेट सह्याद्रीत आणून उभा करतात. छंबकडची माती फिकट, करडेपणाकडे झुकणारी तपकिरी आहे. त्या छटेची पावडर वापरावी आणि तीही बेताने. अखेरचा मॅट वार्निशचा थर गणपतीनंतर, हवा कोरडी होऊ लागल्यावरच द्यावा. पितृपक्षातही हे काम उरकले, तरी दसऱ्याला रणगाडा दिवाणखान्यात उभा असेल.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. थिनरवर चालणारे रंग ज्वलनशील असल्यामुळे विमानाने पाठवता येत नाहीत आणि रस्त्याने यायला त्यांना वेळ लागतो. म्हणून सूचनापत्रकात दिलेले रंग आजच घरातल्या बाटल्यांशी ताडून पाहावेत. रणगाड्याला मोजकेच रंग लागतात, हाही त्याच्या बाजूचा एक मुद्दा आहे.

प्रश्न : आम्ही कसबा बावड्यात राहतो. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याने आजवर एकही किट केलेले नाही, परंतु त्याला लँकॅस्टर हे चार इंजिनांचे बाँबफेकी विमानच हवे आहे. लहान विमान दाखवले की तोंड फिरवतो. त्याच्या मनासारखे घ्यावे का?

उत्तर : आत्ताच घेऊ नये, आणि कायमचे नाकारूही नये. १/७२ प्रमाणातसुद्धा लँकॅस्टरचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ४३ सेंटिमीटर भरतात. चार इंजिने म्हणजे तेच काम चार वेळा. आणि खिडक्या, बुरूज यांचे पारदर्शक भाग इतके की अनुभवी माणूसही दमतो. पहिल्याच मॉडेलला मूल अर्ध्यावर थांबले, तर पुढचा डबा सहसा उघडला जात नाही.

एअरफिक्सचे १/७२ मधील स्पिटफायर किंवा त्याच तोडीचे एक इंजिन असलेले दुसरे एखादे लढाऊ विमान घ्यावे. एअरफिक्सने १९५३ साली पहिल्यांदा विमानाचे किट काढले, तेही स्पिटफायरचेच होते. आजचे किट अर्थातच पूर्णपणे नवे आणि कितीतरी सुबक आहे. पंखांचा विस्तार साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास, भाग मोजके, आणि हिरव्या-तपकिरी पट्ट्यांचा रंग ब्रशने सहज देता येतो. रंग, ब्रश आणि गोंद डब्यातच येतो असा संच मिळाला, तर तोच पसंत करावा.

मात्र निवड आपण करू नये. दोन लहान विमानांचे डबे त्याच्यासमोर ठेवावेत आणि त्यांतले एक त्याला निवडू द्यावे. आईने निवडलेले किट आणि स्वतः निवडलेले किट यांत मुलांच्या लेखी फार अंतर असते. लँकॅस्टर दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाला येईल, असे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि ते पाळावे. कटर वापरताना मोठ्या माणसाने शेजारी बसावे, आणि गोंद लावताना खिडकी उघडी ठेवावी.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून गंगावेशीत राहतो. माझे वडील दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढले होते. त्यांच्या आठवणीसाठी एखादे मॉडेल करावे, अशी इच्छा आहे. पूर्वी १/७२ विमाने केली होती. आता नजर आणि बोटे पूर्वीसारखी साथ देत नाहीत. काय निवडावे?

उत्तर : आपल्या पत्रातच अर्धे उत्तर आहे. १/७२ सोडून १/३५ कडे यावे. इन्फंट्रीच्या आठवणीसाठी मला युनिव्हर्सल कॅरियर सर्वांत योग्य वाटते. वरून उघडे असलेले, पट्ट्यांवर चालणारे हे छोटे वाहन पायदळाच्या तुकड्यांमध्ये सर्रास वापरात होते, आणि टामियाचे त्याचे जुने किट साधे आणि धरायला सोपे आहे. आतला भाग उघडाच असल्याने बाजू जोडण्यापूर्वी तो रंगवून घ्यावा लागतो, एवढेच एक पथ्य पाळावे.

डबा मागवण्यापूर्वी मात्र एक काम करावे. वडिलांच्या सेवामुक्तीच्या कागदावर त्यांच्या पलटणीचा क्रमांक असेल, तो पाहावा. इटलीत मराठ्यांच्या पलटणी एकाच डिव्हिजनमध्ये नव्हत्या. ज्यांना १० जुलै १९४४ रोजीच्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या पलटणीचे होते आणि ती १० व्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती; ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर तोच सन्मान मिळवणारे नामदेव जाधव पहिल्या पलटणीचे होते आणि ती ८ व्या डिव्हिजनमध्ये होती. डिव्हिजन बदलली की वाहनावरची खूणही बदलते. कागद हाती नसेल, तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडे लेखी विचारणा करून पाहावी. हवी ती खूण डब्यातल्या डिकलवर (पाण्याने चिकटवायच्या छापील खुणांच्या कागदावर) मिळण्याची शक्यता कमी आहे; ती बारीक ब्रशने काढावी लागेल किंवा घरातल्या तरुण हातांकडून काढून घ्यावी.

हत्यारांसाठी लांब जायची गरज नाही. सराफ डोळ्याला लावतात तसले भिंग आणि बारीक टोकाचा चिमटा गुजरीच्या परिसरातील सोनारकामाच्या साहित्याच्या दुकानांत पाहावा. छंदाच्या नावाने विकली जाणारी हत्यारे पुष्कळदा तीच असून महाग असतात. सैनिकांच्या आकृत्यांचे चेहरे रंगवणे जड गेले, तर वाहन रिकामेच ठेवावे. चालक उतरून गेलेले, पाण्याचे कॅन आणि गुंडाळलेली ताडपत्री लादलेले कॅरियर तितकेच खरे दिसते.

प्रश्न : मंगळवार पेठेतून लिहितो. लोंगेवालाच्या लढाईतील हंटर विमान १/४८ मध्ये करायला घेतले होते. फेविक्विकने कॅनोपी (कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण) चिकटवली आणि ती आतून धुरकट झाली. तेव्हापासून काम थांबले आहे. नवे किट सुरू करावे की हे पूर्ण करावे?

उत्तर : आधी दोष दूर करता येतो का ते पाहावे, मग ठरवावे. त्या गोंदाची वाफ बंद जागेत कोंडते आणि काचेसारख्या भागावर पांढरी बसते. प्लास्टिक सहसा खराब झालेले नसते. कॅनोपीची कड पातळ पात्याने हळूहळू उचलून ती सुटी करावी, आतली बाजू मऊ कापडावर बारीक पॉलिशिंग कंपाउंड घेऊन घासावी, कोमट साबणपाण्याने धुवावी आणि पारदर्शक ॲक्रिलिक ग्लॉसमध्ये बुडवून, धूळ बसणार नाही अशी झाकून, वाळू द्यावी. पुन्हा बसवताना पांढरा गोंद वापरावा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि त्याची वाफ काच धुरकट करत नाही.

कॅनोपी निघताना तडकली, तर हंटर डब्यात परत ठेवावे, कोणता भाग कुठवर आला आहे हे एका चिठ्ठीवर लिहून आत टाकावे, आणि निःसंकोचपणे नवे किट घ्यावे. नवे घेताना मात्र ते जेट विमानच असावे, एकाच रंगाचे असावे आणि शक्य तर १/४८ मधलेच असावे, म्हणजे बदली कॅनोपी हाती येईपर्यंत जी सफाई हाताला येईल, ती हंटरच्या उरलेल्या कामात वापरता येईल. अर्धवट राहिलेला असा डबा कपाटात एकच असावा. दुसरा त्याच्यावर ठेवण्याची वेळ आली, तर पहिला कोणाला तरी सुट्या भागांसाठी देऊन टाकावा.